चपलांची तोंडं

“परत फिरवले गं मेल्यानं!”

ओट्यावरचे बूट बघून खतीजाबीचं डोकं सणकलं. ही तिसरी वेळ. पाहुण्याचे बूट तिनं स्वतःच्या हातानं भिंतीकडं तोंड करून ठेवले होते. आता त्यांची तोंडं पुन्हा रस्त्याकडं. बूटच जसे म्हणत होते, चला, उशीर झाला.

तिच्या घरची रीत होती. दारातल्या पायताणाचं तोंड आत. बाहेर तोंड केलं की पाय घरात ठरत नाही. तिचा मुलगा नसीर लाकडं आणायला राजमाचीच्या रानात गेला आणि कड्यावरून पडला, त्या सकाळी त्याचे जोडे असेच बाहेर तोंड करून पडले होते. तिनं पाहिले होते आणि सरळ केले नव्हते. त्याला दोन वर्षं झाली.

पाहुणा जपानी होता. कार्ल्याची लेणी बघायला सोमवारी आगगाडीनं आला, मळवलीला उतरला आणि मग विचारत सुटला की राहायचं कुठं. साहेबलोकांचा बंगला भरलेला. धर्मशाळेत देवीची जत्रा, माणसाला माणूस चिकटलेलं. शेवटी स्टेशनातला हमाल चाँदभाई त्याची ट्रंक डोक्यावर घेऊन खतीजाबीच्या दारात उभा राहिला.

“मावशी, दोन रातींचा सवाल हाय. लोणावळ्याच्या हाटेलात जा म्हणलं, तर न्हाई म्हंतो. लेण्याजवळच ऱ्हायचंय.”

“आरं चाँद्या, माझं घर काय मुसाफिरखाना हाय? खातो तरी काय त्यो?”

“भात खातो म्हंतो.”

“मग उन्हात काय हुबा केलास त्याला? बस म्हणावं.”

तो बसला. बसण्याआधी कमरेत वाकला. पाणी दिलं, वाकला. भात वाढला, वाकला. “ह्याच्या पाठीत काय मोडलंय का?” खतीजाबी म्हणाली. मग त्यानं वहीत चित्र काढून आपलं गाव दाखवलं. घरांच्या मधून पाण्याचा पाट, पाटात होडी, काठाला वाकलेली झाडं.

“बघ गं जाहिदा! दारात पाणी हाय, होडी हाय. आन् ह्यो शाणा हितं दगूड बघाया आलाय!”

जाहिदा पदर तोंडाला लावून हसली. नसीर गेल्यापासून सून पहिल्यांदा हसली होती. खतीजाबीला बरं वाटलं, आणि लगेच धास्तीही वाटली. कारण तांदळाच्या डब्याखाली एक पत्र होतं. पुण्याच्या एका दवाखान्यातून आलेलं. जाहिदा चार बुकं शिकलेली, तिला सुईणीचं काम शिकवणार होते. एक वर्ष, राहणं तिथंच. शुक्रवारी सकाळच्या गाडीनं जायचं.

“गेलेलं माणूस माघारी येत न्हाई,” एवढंच म्हणून खतीजाबीनं पत्र डब्याखाली सारलं होतं. जाहिदा उलट बोलली नव्हती. तेच टोचत होतं. भांडली असती तर दोन शिव्या घालून मोकळं होता आलं असतं.

बुधवारी सकाळी खतीजाबी शेळीची धार काढायला निघाली. ओट्यावरून पाय खाली सोडला आणि तो थेट चपलेत गेला. ती दचकली. दहा वर्षं गुडघे धरलेले. रोज भिंतीला हात लावून, उलटं फिरून, अंगठ्यानं चप्पल चाचपावी लागायची. तिनं खाली बघितलं. तिच्या चपला रस्त्याकडं तोंड करून ठेवल्या होत्या. शेजारी जाहिदाच्याही.

“आता आमच्या बी फिरवल्या! ह्यो कोण घरचा कारभारी लागून गेला?”

“अम्मा, त्याला पळायची घाई न्हाई,” जाहिदा हळू म्हणाली. “जाणाऱ्याला सोपं पडावं म्हणून ठेवतोय त्यो. तुमचं गुडघं दुखत्यात, बघितलंय त्यानं.”

“जाणाऱ्याला सोपं! आन् मागं ऱ्हाणाऱ्याला गं?”



खतीजाबीनं वाकून सुनेच्या चपला भिंतीकडं फिरवल्या. स्वतःच्या तशाच राहू दिल्या.

दुपारी पाहुणा गेला. ओट्यावर वाकला, अंगणात वाकला, चिंचेखाली जाऊन पुन्हा वाकला. “गेली ब्याद,” खतीजाबी म्हणाली, आणि तो दिसेनासा होईपर्यंत दारात उभी राहिली.

शुक्रवार उजाडला. जाहिदा घागर घेऊन पाण्याला निघाली आणि ओट्यावरच थबकली. तिच्या चपला रस्त्याकडं तोंड करून होत्या. बाजूला फडक्यात बांधलेल्या भाकरी. वर पत्र. त्यावर डब्याच्या बुडाचा गोल वळ उठला होता.

“अम्मा... माझ्या चपला कुणी फिरवल्या?”

खतीजाबी चुलीपुढं बसली होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. जाळ चांगला धडधडत होता, तरी ती फुंकतच राहिली.

“त्या जपान्यानं. त्याच्याबिगर कोण करणार असली थेरं? बघत काय बसलीस, गाडी चुकंल. जाऊन ये.”

जपानी बुधवारीच गेला होता.