धाकूची निगेटिव्ह

"कुणाला पटायचं नाही, कुसुमबाई. पण खोटं बोलत असेन तर या दोन्ही डोळ्यांनी दिसायचं बंद होईल माझं," चारुदत्तने सुरुवात केली, आणि तिथेच त्याला कळलं, आज गोष्ट रंगणार.

खेडच्या बाजारातल्या त्याच्या स्टुडिओत सात-आठ माणसं दाटीने उभी होती. शेजारचा हारुन तर दुकान उघडं टाकून आला होता. मधल्या स्टुलावर धाकूची आई सगुणा, ओली छत्री मांडीवर आडवी धरून. तिला घेऊन आल्या होत्या गावच्या शाळेतल्या कुसुमबाई. उद्या धाकूचं तेरावं. कारगिलहून पेटी आली ती उघडू नका असं सांगूनच आली. पलटणीने पाठवलेला फोटो भरतीच्या दिवसाचा, डोकं भादरलेला. सगुणाने तो हातात धरून विचारलं होतं, "ह्यो कोण?" तिला हवा होता तो फोटो, जो लढाईवर जाताना धाकूने इथे, या रंगवलेल्या हिमालयाच्या पडद्यापुढे उभं राहून काढून घेतला होता. पोराचं तोंड बघायला तेवढीच एक जागा उरली होती.

चारुदत्तने खणातून निगेटिव्हची पट्टी काढली आणि ट्यूबलाइटसमोर धरली.

"ही पहिली चौकट, भरणे गावचा जवान. दिसतोय? हे दोघे दापोलीचे, सख्खे भाऊ. आणि ही शेवटची."

शेवटची चौकट कोरी होती. काचेसारखी आरपार.

"इथे धाकू होता. छाती अशी, मिशी अशी. बातमी येण्याआधीच्या मंगळवारी दुपारी प्रिंट काढायला मी अंधाऱ्या खोलीत गेलो, पट्टी यंत्रात घातली, आणि काय सांगू! धाकू हलला."

"हलला?" हारुन पुढे सरकला.

"वळला! पाठमोरा झाला आणि पडद्यावरच्या डोंगरात चालायला लागला. मी ओरडतोय, अरे धाकू, थांब! ऐकतोय कोण? एवढा झाला, एवढा झाला, मुंगीएवढा झाला आणि बर्फात दिसेनासा झाला. घड्याळ बघितलं. दोन वाजून दहा मिनिटं. आता सांगा, गोळी किती वाजता लागली असेल?"

कुसुमबाईंनी पदर डोळ्यांना लावला. हारुन "या अल्लाह" पुटपुटला. मागे कुणीतरी हळूच चपला काढल्या.

निगेटिव्हमध्ये काळा माणूस गोरा दिसतो नि गोरा काळा. भरण्याचा जवान म्हणून दाखवलेला इसम पोस्टमास्तर होता, आणि दापोलीचे भाऊ म्हणजे एक नवरदेव नि त्याचा मेहुणा. ओळखणार कोण? खरी हकीकत एवढुशी होती. धाकू फोटोला आला त्या दिवशी दारावर 'जवानांना फोटो मोफत' अशी पाटी झळकत होती, आणि रोलमध्ये उरल्या होत्या चारच चौकटी. त्या सभापतींच्या नातवाच्या बारशाला राखून ठेवलेल्या. मग चारुदत्तने दुसरा कॅमेरा उचलला, रिकामा. हट्टी पोरांना गप्प करायला तो असा नुसता फ्लॅशचा दिवा नेहमीच मारायचा. धाकूला "हनुवटी वर" म्हणाला, "शाब्बास" म्हणाला, आणि दिवा मारला. सुट्टीवर आला की खरा काढू. येतातच की पोरं परत! बारशाचे चारही फोटो आता दर्शनी काचेत लटकत होते. पोरगं गुटगुटीत होतं.

"पण मी तुम्हाला रिकाम्या हाताने कसा पाठवेन?" चारुदत्तने टेबलाखालून फ्रेम काढली. आत मोठा फोटो, पार काळाभोर. "त्याच चौकटीवरून काढलाय. ज्याची माया खरी, त्याला यात धाकू दिसेल."

कुसुमबाईंनी नीट निरखून पाहिलं. "टोपीची कड दिसत्ये हो," त्या हुंदका देत म्हणाल्या. हारुनला मिशी दिसली. चपला काढलेल्याला तर पोरगा हसताना दिसला.

फ्रेम सगुणाच्या मांडीवर आली. काळ्या काचेत तिचंच तोंड होतं. ती बघत राहिली.

"दिसला ना?" चारुदत्तने मायेने विचारलं.

सगुणाने फ्रेम टेबलावर पालथी ठेवली.

"अण्णा, कॅमेऱ्यात रीळ नव्हतं."

"काहीतरीच काय, सगुणा—"

"गाडीत चढताना मला सांगितलान त्यानं. आये, फोटो आणायला जाव नको, म्हाताऱ्याने नुसता दिवा मारलान. आमच्या सायबाचा कॅमेरा मीच सांभाळतो, रीळ असलं की डावीकडची चकती फिरते. ती फिरली नाय."

चारुदत्त हसायला गेला. हसू ओठांपर्यंत आलंच नाही. हारुन त्याच्याकडे बघत होता.

"मी त्याच्या थोबाडीत मारलंय, अण्णा," सगुणा म्हणाली. "भर स्टेशनात. म्हटलं, देवासारख्या माणसाला खोटा पाडतोस? लढाईला जाताना? गाडी हलली तरी गाल चोळत व्हता."

ती उठली.

"तेवढंच तोंड ऱ्हायलंय त्याचं माझ्याकडं."