शनी किती वेळ थांबतो

बाकोनी डोंगरातल्या माळावर आमच्या आकाशनिरीक्षण मंडळाने रुंद नजरेचे तीन आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं, एकाच दुर्बिणीला आळीपाळीने लावून पाहिले. भांडण अर्थातच दृश्याच्या कडेला दिसणाऱ्या ताऱ्यांवरून. तिसऱ्यातून ते इतके विस्कटलेले दिसत होते की आमच्यातला साबोल्च म्हणाला, "हा दाराला बसवा, पोस्टमन बघायला!"

अर्पादकाका मात्र स्टॉपवॉच घेऊन बसले होते. दुर्बिणीला ताऱ्यांमागे फिरवणारी मोटार नव्हती. ती तशीच सोडली की शनी एका कडेने आत यायचा आणि सरकत दुसऱ्या कडेने निघून जायचा. तेवढाच वेळ ते मोजत होते.

"काका, शर्यत लावलीय का शनीची?" मी चिडवलं.

"पहिल्यात दीड मिनिट, दुसऱ्यात दोन, या तिसऱ्यात जवळजवळ अडीच," ते म्हणाले. "मी हाच घेणार."

"अहो, कडा तरी बघा त्याच्या!"

काकांनी शनी कडेला आणून सोडला आणि ते घडीच्या खुर्चीत बसलेल्या आपल्या बायकोकडे, पिरोश्काकाकूंकडे गेले. दोन्ही हातांनी धरून त्यांना उठवलं. तोवर दुर्बीण धरायला साबोल्च पुढे झाला.

"राहू दे रे," काका म्हणाले. "घरी कोण धरणार आहे?"

एक पाऊल, थांबणं, मग दुसरं पाऊल. दोन मिनिटं उलटून गेली होती. काकू कशाबशा वाकल्या, त्यांनी डोळा लावला.

"अगं बाई! आज मी पोचेपर्यंत शनी आहे की हो अजून!"