दोन्हीकडे सिंह

चारुदत्तने भिंग उचललंच नाही. नाणं टेबलावर पडल्यापडल्या तो हसला.

"दोन्हीकडे सिंह. मोबाइलवरून मागवलेलं ना?"

समोर बसलेल्या जनीने मान डोलावली. ती नेऱ्याहून दोन रिक्षा बदलून करंजाड्याला आली होती.

रविवारी सकाळी चारुदत्तच्या हॉलमध्ये नाणी पारखून घ्यायला अशी रांगच लागायची. टांकसाळीत चुकून वेडंवाकडं छापलं गेलेलं नाणं म्हणे लाखमोलाचं, आणि ते ऑनलाइन विकायला बसलेला भामटा म्हणे देवमाणूस. शिकलेसवरलेले लोक भाजीवाल्याकडून कोथिंबीर फुकट उकळतात आणि असल्या भामट्याला डोळे मिटून पैसे पाठवतात. चारुदत्त त्यांची बिनपाण्याने करायचा. एक पैसा घ्यायचा नाही. चारचौघांत कुणाचं तरी हसं करायला मिळायचं, ती दक्षिणा त्याला पुरत होती.

दोन सिंहांची लबाडी तर त्याला तोंडपाठ. दोन नाणी अर्धी अर्धी तासायची, पाठीला पाठ चिकटवायची. सांधा काठाच्या आत लपतो. तिथे कानस फिरवली की जोड उघडा पडतो आणि नाण्याच्या मालकाचं तोंडही.

जनी सांगत होती. तिच्या नवऱ्याने, दाजींनी, दोन बकऱ्या विकून हे नाणं घेतलं. भावकी वर्षभर हसली. दाजी वारले. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, तर पुतण्या म्हणाला, ते नाणं ठेवा समोर, म्हाताऱ्यासारखा कावळाही फसेल. पिंडाभोवतीचे लोक तोंडं फिरवून हसले होते.

"मला इकायचं नाय, भाऊ," जनी म्हणाली. "आमचं म्हातारं येडं होतं का, तेवढं सांगा."

रांगेत पुढचा नंबर बँकेतल्या सत्यजीतचा होता. चारुदत्तने त्याला डोळा मारला.

"मावशी, अशी माणसं आहेत म्हणून तर यांचे धंदे चालतात," असं म्हणत त्याने कानस उचलली आणि काठावर चालवली.

सांधा दिसेना. त्याने आणखी दाब दिला. चीर सिंहाच्या आयाळीपर्यंत गेली, तरी धातू एकसंध. मग त्याने जे आधी करायला हवं होतं ते केलं. दुसरं नाणं घेऊन दोन्हींचं वजन ताडून पाहिलं. फरशीवर टाकून आवाज ऐकला. भिंगाखाली घेतलं. सत्यजीतचं हसू केव्हाच मावळलं होतं.

"खरं आहे," चारुदत्त म्हणाला. असं नाणं त्याने आजवर फक्त फोटोत पाहिलं होतं. मग खाली मान घालून त्याने उरलेलंही सांगितलं. हात लावला नसता तर संग्राहक नेऱ्यापर्यंत धावत आले असते. आता हे कुणी घेणार नाही. वाटोळं त्याच्याच हातून झालं. त्या हॉलमध्ये तो पहिल्यांदाच कुणाची माफी मागत होता.

जनीने नाणं ओढून घेतलं. चिरेत अंगठ्याचं नख घातलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं.

"असू दे, भाऊ. नुसतं तोंडानं खरं म्हनला असता, तर भावकीनं तुमाला पन येडं ठरवलं असतं. आता ही चीर दावते एकेकाला. घाला म्हनते नख, सापडतो का सांधा."