सत्ताविसावी चाचणी

डाग आजही आला.

संशोधक प्रणालीनं एमआरआय मशीनच्या पडद्यावरचं चित्र मोठं केलं. करड्या मेंदूत, डाव्या कानाच्या वरच्या बाजूला, तोच पांढरा ठिपका. पाच आठवड्यांपूर्वी तांदळाच्या दाण्याएवढा होता, आता वालाएवढा. "बिघाड वाढत चाललाय," मशीनच्या कंपनीचा नवी मुंबईचा इंजिनिअर निकेत सकाळीच फोनवर म्हणाला होता.

दोघांनी मिळून एकेक करत सगळं बदललं होतं. डोक्यावर बसवायचा कॉइलचा जाळीदार टोप बदलला. केबल बदलल्या. खाडीच्या खाऱ्या हवेनं गंजलेल्या, बाहेरच्या रेडिओलहरी अडवणाऱ्या, दाराच्या कडेच्या तांब्याच्या पट्ट्याही बदलल्या. डोक्याऐवजी चाचणीचा पाण्यानं भरलेला गोळा आत ठेवला की चित्र स्वच्छ यायचं. माणूस आत गेला की डाग. माणूस आत गेल्यावरच दिसणारे बिघाड असतात, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. फक्त भातावर औषध फवारणाऱ्यांच्या मेंदूचा अभ्यास तेवढा अडून बसला. तळा गावची, फवारणी करणारी बारा माणसं सोमवारी यायची होती. त्यांनी यावं की नाही, हे प्रणालीनं आज त्यांना कळवायचं होतं.

चाचणीसाठी आत झोपायचा तो गणराज. एरवी स्कॅनर चालवायचा तोच. निकेतच्या पायात सळई आणि प्रणालीला बंद जागेची भीती, मग उरलं कोण? "आपलं डोकं रिकामं, मॅडम. फोटो साफच यायला पायजे," असं म्हणत तो सव्वीस वेळा आत गेला होता. त्या फायलींवर माणसाचं नाव नसे. सगळ्यांवर एकच शब्द, 'चाचणी'. चित्रं तपासणारे डॉक्टर त्या उघडतही नसत.

"मॅडम, झालं का?" आतून त्याचा आवाज आला. "का हितंच पान वाढताय?"

"एकदाच अजून, गणराजदादा. डोकं जरा उजवीकडे वळवा. टोपात वळेल तेवढंच. मग हलू नका."

हे तिला आत्ताच सुचलं होतं. डाग मशीनचा असेल तर डोकं वळलं तरी तो बोगद्यात आपल्या जागी राहील.

चार मिनिटं खडखडाट झाला. चित्र आलं. डोकं कललेलं होतं. डागही कलला होता, डोक्याबरोबर.

तिनं दोन्ही चित्रं शेजारी लावली. कवटीपासून डागापर्यंतचं अंतर मोजलं. पहिल्या चित्रात एकवीस मिलिमीटर. दुसऱ्यातही एकवीस. पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा.

गणराज चपला सरकवत बाहेर आला तेव्हा पडदा काळा होता.

"गावला का चोर?"

"अजून एक गोष्ट बदलायची राहिलीय," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "आता मी आत झोपते. तुम्ही चालवा."

"तुम्ही?" तो खो खो हसला. "लिफ्ट असून तिसऱ्या मजल्यावर जिन्यानं जाता, आन् ह्याच्यात शिरणार?"

"शिरते."

त्याचं हसू हळूहळू विरलं. त्यानं काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "एका वेळी एकच वस्तू बदलायची, असं तुम्हीच सांगता," तो म्हणाला. "म्हंजे आता मला बदलताय."

प्रणालीनं कानातली काढली, घड्याळ काढलं. दाराजवळच्या ट्रेमध्ये त्याची अंगठी आणि साखळी तशीच पडली होती. तिनं आपल्या वस्तू त्यांच्या शेजारी ठेवल्या.

टोप चढवताना त्याचे हात नेहमीसारखेच हलके होते. "भ्या वाटलं तर फुगा दाबा," तो म्हणाला आणि रबरी फुगा त्यानं तिच्या मुठीत दिला. फळी आत सरकली.

छत नाकापासून चार बोटांवर होतं. श्वास पुरता आत जाईना. एरवी तिनं पहिल्याच क्षणी फुगा दाबला असता. पण माझ्याही चित्रात त्याच जागी डाग आला तर दोष मशीनचा, हे एकच वाक्य ती मनात घट्ट धरून होती. खडखडाट सुरू झाला. आयुष्यात पहिल्यांदाच ती एखादं यंत्र बिघडलेलं निघावं म्हणून देवाला विनवत होती. येऊ दे. माझ्या डोक्यात येऊ दे. वालाएवढा नको तर दाण्याएवढा येऊ दे.

आवाज थांबला.

डोळ्यांवरच्या छोट्या आरशात पलीकडच्या खोलीची काच दिसत होती. काचेमागे गणराज. पडद्याच्या उजेडात त्याचा चेहरा निळसर झाला होता. तो वाकून बघत होता. चित्रं त्यानं वरपासून खालपर्यंत सरकवली. मग परत वर नेली आणि पुन्हा खाली आणली. मग त्याचा हात उचलला गेला, स्वतःच्या डाव्या कानाच्या वर टेकला आणि तिथंच राहिला.

माइक सुरू झाल्याची खरखर आली.

"मॅडम," तो म्हणाला, "तळ्याच्या लोकांना कळवा, सोमवारी या म्हणून."

त्यानं पडदा काळा केला.

"मशीन ठीक हाय."