विस्तव

नीट उजाडायच्या आत शीतलने मधल्या भिंतीवरून हात घातला आणि पलीकडच्या गंजीवरच्या कपाशीच्या काड्या कवळभर ओढून घेतल्या. गंजी तिच्या मोठ्या जावेची, दिपमालाची. भिंत कमरेएवढी. मागितल्या असत्या तर मिळाल्या असत्या, पण मागायला बोलणं लागतं. या दोन घरांत विस्तव जात नाही, असं गल्लीत सगळे म्हणायचे.

पलीकडे चुलीवर पाणी चढलं होतं. चुलीपुढे पाटावर सासरे बसले होते, झुलाल आबा. हातात कपबशी, कानाला मफलर. दिपमाला काहीतरी बोलली आणि आबा खळखळून हसले.

ते हसणं शीतलच्या काळजात काट्यासारखं रुतलं. तिच्या घरी आबा असे कधी हसले नव्हते.

संक्रांतीनंतर आबांनी धाकट्या मुलाकडे, म्हणजे शीतलच्या घरी राहायचं, असं ठरलेलं. आलेही होते. पण सिलिंडरचा भाव चढत गेला, तशी शीतलने आबांच्या आंघोळीच्या पाण्याची वाफ कमी केली. मग वाफ यायचीच बंद झाली. आबांनी तक्रार केली नाही. घोंगडी खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "होळी जळनी का थंडी पळनी. मंग येसू तुनाकडे."

होळी जळाली. धुळवडीचा रंगही निघून गेला. थंडी मात्र सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी मुक्काम ठोकून बसली, आणि आबा दिपमालाच्या चुलीपुढे.

"आबा काय आता तिकडलेच झाले का?" परवा पिठाच्या गिरणीवर उषाकाकूंनी विचारलं होतं. चार बायकांसमोर. शीतल दळण न घेताच घरी आली.

खरं तर चूल तिच्याही घरी होती. फरशी बसवली तेव्हा तिनेच ती फोडायला लावली, भिंती काळ्या होतात म्हणून. वाटणीला आलेल्या काड्यांचीही तिने ट्रॅक्टरवाल्याकडून शेतातच कुटी करून टाकली. दिपमालाच्या गंजीला ती विंचवांचं बिऱ्हाड म्हणायची. आता त्याच गंजीकडे पाहून तिच्या अंगाची आग होत होती, आणि त्या आगीवर तांब्याभर पाणीसुद्धा तापत नव्हतं.

आज तिने ठरवलंच होतं. अंगणात शेकोटी पेटवायची, शेजारी आबांची बाज टाकायची आणि हाक मारायची. आबा आले की भिंतीपलीकडून दिपमालाने बघत बसावं.

तिने काड्यांखाली कागद सारला, आगकाडी ओढली. कागद भसकन पेटला आणि विझला. दुसरा पेटवला. काड्यांनी नुसता धूर सोडला. तो आधी तिच्या डोळ्यांत गेला, मग सरळ भिंतीवरून पलीकडे.

पलीकडचं बोलणं थांबलं. शीतलने पदर खोचला. आता चोर म्हणेल, गल्ली गोळा करेल. म्हणू दे. मीही ऐकवीन.

भिंतीवरून दिपमालाचं डोकं वर आलं. तिने धुराकडे पाहिलं, काड्यांकडे पाहिलं.

"वरन्या काड्या दहिवरमा ओल्या व्हतीस, व माय! खालथीन वढ!"

एवढं बोलून ती खाली वाकली. गंजीच्या बुडातून कोरड्या काड्या ओढल्याचा करकर आवाज आला आणि एक मोळी भिंतीवरून शीतलच्या अंगणात पडली. शिवी आली असती तर शीतलला उत्तर सुचलं असतं.

थोड्या वेळाने फाटक वाजलं. आबा आले. हातात जुना तवा, तव्यावर विस्तव, लालबुंद गोवरीचा.

"ले. दिपमालानी इस्तो धाडा."

आबा उकिडवे बसले. गोवरी काड्यांखाली सारली, दोनदा फुंकली. काड्या तडतडल्या आणि जाळ धरला. शीतलने घाईघाईने बाज पुढे ओढली, वर गोधडी टाकली.

"आबा, आते आठेच बठा ना."

"बठस ना, पोरी. शेकोटी शे तं कोठे जाऊ?"

आबा बाजेवर टेकले. तिच्या अंगणात, तिच्या गोधडीवर. शीतलने पटकन गल्लीकडे पाहिलं, उषाकाकूंचं दार उघडं आहे का म्हणून. उघडं होतं.

आबांनी दोन्ही हात जाळावर धरले. चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"दिपमालानी गोवरी शे," ते म्हणाले. "आते इझाव नई."

शीतलने हात पदराखाली घट्ट आवळून धरले. सातपुड्याकडून वाऱ्याची झुळूक आली, तशी ती शहारली. मग तिनेही हात जाळापुढे केले.