पाचवा

आमच्या लेश्नो गावात रविवारी दुपारी शर्यतीच्या बिनब्रेकच्या मोटरसायकली सुरू झाल्या की घरातलं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही. माझा नवरा झेनॉन त्या चालवणाऱ्यांतलाच एक. शर्यतीहून आला की निकाल मी कधीच विचारला नाही. त्याचे कान बघायचे. शर्यतीत चौघंच असतात, आणि पुढच्याच्या चाकाने उडवलेली लाल माती मागच्यांच्या अंगावर बसते. कान स्वच्छ म्हणजे पहिला. मातीने माखून आला, तर मी गुपचूप सूप वाढायची.

मग पडला, मणका गेला आणि गाडी कायमची सुटली. यंदा शर्यतीच्या क्लबाने त्याला मैदानावर, प्रेक्षकांच्याही वर काचेच्या खोलीत, पाहुण्यांशेजारी खुर्ची दिली. पहिल्याच रविवारी पांढराशुभ्र शर्ट घालून निघाला.

"चला, आज तरी माझं धुणं वाचलं," मी म्हणाले.

संध्याकाळी दारात उभा राहिला तेव्हा केसांत माती, कानांत माती, शर्टाची तर पार वाट लागलेली.

"काचेतून आली होय रे माती?"

"वर काहीच पोचत नाही गं. वाससुद्धा नाही." तो वाकून हळूहळू बूट सोडत होता. "खाली गेलो. वळणावर, कठड्याला टेकून उभा राहिलो. शेवटपर्यंत."

चांगलं झापायचं म्हणून मी तोंड उघडलं होतं. पण बाहेर पडलं ते भलतंच.

"कितवा आलास?"

त्याने कानातली माती बोटाने काढली आणि तिच्याकडे बघत राहिला.

"पाचवा."