येऊ दे, येऊ दे

"ती जातेय कुठं, ताई? आमच्या बोळात गाडी वळवायला मीच लागतो!" ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर खिडकीत उभे राहून बहिणीला फोनवर सांगत होते. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी वळवायला शिकवलं होतं, फक्त बायकोला सोडून. खाली तिने दोन बॅगा डिकीत टाकल्या, घराची किल्ली पायपुसण्याखाली सरकवली आणि संसार कायमचा मोडून निघण्यासाठी गाडी सुरू केली.

पहिल्याच वळणात मागचं चाक गटाराच्या काठावर आलं. "बघ, आता मारेल हाक," मास्तर खुशीत म्हणाले.

तिने हाक मारली नाही. गाडी परत मागे घेतली. चाक घसरायला लागलं, तसे मास्तर फोन तिथेच टाकून अनवाणी खाली धावले.

"ब्रेक! अगं, ब्रेक दाब! स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे घे. हां, पुढे जा. बस! आता मागे येऊ दे, येऊ दे... थांब. आता सरळ कर आणि सावकाश काढ. माझ्याकडे काय बघतेस, रस्त्याकडे बघ!"



गाडी एकही ओरखडा न पडता वळली आणि गेली.